बिनकाट्याची गरी

माय,

१. गेल्या रविवारी मी आपल्या तलावावर होते. गळाला लावलेल्या तुझ्या लाकडी बेंडकावर एक मरळ लागली आणि काठावर आली.

२. नागपूरचे एक गृहस्थ जीप घेऊन मासे धरायला आले होते. त्यांनी ते पाहिलं. अशा शौकी सामानाचं त्यांचं नागपूरला दुकान आहे.

३. त्यांनी बेंडूक विकत मागितला. मी नाही म्हणाले.

४. मग त्यांनी त्याचं ड्रॉइंग मागितलं, म्हणजे लाकूड कातणाऱ्या खरादीकडून तसे पुष्कळ करून घेता येतील. कोपऱ्यात माझं नाव राहील म्हणाले. मी हो म्हणाले.

५. ड्रॉइंग झालं आहे. फक्त गरीचं टोक काढायचं राहिलं आहे. तुझ्या गरीला उलटा काटा नाही, तू तो कानशीने घासून टाकला होतास. त्यांना काटा हवा आहे. नसेल ठेवायचा तर कारण द्या म्हणाले.

६. बाबांना कारण विचारलं. ते म्हणाले, "मले काय इचारतं? तुह्या मायले इचार."

म्हणून विचारते आहे.

तू गेलीस तेव्हा मी शाळेत होते. आता यवतमाळला कालव्यांच्या कचेरीत ड्राफ्ट्समन आहे. बाईला काय म्हणायचं हे तिथे कुणी ठरवलेलं नाही, म्हणून हजेरीवरही ड्राफ्ट्समनच. कालवे, मोऱ्या, सांडवे मी काढते. खाली सही साहेबांची होते. तक्रार नाही, तशी पद्धत आहे आणि साहेब माझ्या रेषा तपासून मगच सही करतात. पण कोपऱ्यातल्या चौकटीत माझं नाव असलेला एकही कागद आजवर झालेला नाही. हा पहिला असेल. तो मला हवा आहे, आणि तो बरोबर असायला हवा आहे. या दोन्ही गोष्टी एकाच टोकावर येऊन थांबल्या आहेत.

छप्पनच्या दसऱ्याला आपण नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो. तुझं पांढरं लुगडं दोरीवर वाळत होतं तोवर तू तलावावर निघालीससुद्धा, कारण घरात कालवण नव्हतं आणि बाबांची खाणीतली पाळी सुटायची होती. मी मागे मागे. तू नेहमीसारखा काठावरच्या गवतातून बेंडूक धरतेस. मरळीला जिवंत बेंडूक लागतो. गरी त्याच्या पाठीच्या कातडीतून घालायची आणि त्याला पाण्यावर पोहू द्यायचं, हे मी शंभरदा पाहिलेलं आहे. त्या दिवशी तू एका हातात बेंडूक आणि दुसऱ्या हातात गरी धरून बराच वेळ बसून राहतेस. मग मूठ उघडतेस. बेंडूक लगेच जात नाही, तुझ्या तळहातावरच बसून राहतो, तेव्हा तू त्याला म्हणतेस, "जा नं बापा आता, का पत्रिका देऊ?"

शेजारी आपली काठी घेऊन बसलेले भोई काका हे बघत होते. या तलावावर त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं आणि तुझ्यावर त्यांची बारीक नजर असे, कारण या काठावर काठी धरणारी बाई तू एकटीच. ते म्हणाले, "बेंडकाची दया आली व बाई? अन् मासा काय वांग्याच्या झाडाले लागते?"

"एकदम सारं नाही सुटत, काका," तू म्हणालीस. "आज बेंडूक सुटला."

त्या संध्याकाळी आपण चटणी-भाकर खाल्ली.

लाकडी बेंडूक तू चुलीपुढे बसून केलास. पांगाऱ्याचा हलका तुकडा, विळ्याने सोललेला. पोटाखाली शिशाची गोळी लाखेने बसवलेली. डोळ्यांना दोन गुंजा. पाय सायकलच्या फाटक्या ट्यूबचे. वर जवसाचं तेल, एकदा वाळलं की पुन्हा, असं बरेचदा. पोहून बघायला भाकरीच्या परातीत पाणी घेतलंस. पहिल्यांदा तो उताणा पडला. दुसऱ्यांदा नाकावर बुडाला. प्रत्येक वेळी तू गोळी कणभर मागे सरकवलीस, आणि पीठ एका बाजूला वाट बघत राहिलं. बाबा पाळीवरून आले, परातीत डोकावले आणि म्हणाले, "आज काय, बेंडकाचा रस्सा?" तू म्हणालीस, "तुम्ही पहिले हात धुवा, मंग पाहू कोण पोहते ते." शेवटी तो नाक वर काढून बसला. मी शाळेची पट्टी आणून तो मोजला. तू म्हणालीस, "मोज, मोज. त्याले सदरा शिवायचा हाये."

ती मापं मला आजही पाठ आहेत. गेल्या आठवड्यात कॅलिपर लावून पुन्हा घेतली. पट्टीने घेतलेली लांबी बरोबर निघाली.

पुढच्या उन्हाळ्यात तू गरीचा काटा घासलास. बाबांनी खाणीच्या वर्कशॉपातून आणलेली कानस तुझ्या हातात दिसली, तेव्हा ते म्हणाले, "माही कानस झिजवतं काहून?" तू म्हणालीस, लुगड्यात अडकते, दोन लुगडी फाटली. ते खरं नव्हतं. एक फाटलं होतं, तेही बाभळीने. भोई काकांनी विचारलं, "काटाच नाही तं मासा राहीन कसा व?" त्यांना म्हणालीस, "सुटला तं तुमच्याकडंच यीन नं. तुमच्या म्हातारपणाची सोय करून राह्यली." आणि नागपूरचे भंतेजी आले, त्यांनी शांतपणे विचारलं, "बाई, मासे धरणं सुटलं का?" तेव्हा तू हात जोडून म्हणालीस, "कमी केलं, भंतेजी. बेंडूक सोडला, आता काटा काढला." ते हसले. रागावले नाहीत.

मीही विचारलं होतं. तू भांडी घासत होतीस. मी म्हटलं, "माय, खरं सांग, काटा काहून घासला?" तू मान वर न करता म्हणालीस, "तू सारखी मोजत राह्यतं नं? मंग मोजून काढ."

आता तो दिवस. श्रावण होता, तलाव भरलेला. चांद्याहून काका जेवायला यायचे होते आणि तू दोन दिवस आधीपासून सगळ्यांना सांगून ठेवलं होतंस की मरळीचा रस्सा होईल. सकाळपासून आपण कमळांच्या कडेने बसलेलो आहोत. तू बेंडूक पानांच्या पलीकडे टाकतेस आणि काठीच्या टोकाने त्याला थांबत थांबत ओढतेस, दोन उड्या आणि थोडी विश्रांती, अगदी जिवंत बेंडूक घेतो तशी. पाणी फुटतं. घडा फुटावा तसा आवाज होतो आणि बेंडूक दिसेनासा होतो. काठी अशी वाकते की मी तुझ्या कमरेला धरते. भोई काका उठून उभे राहतात. "ढिला नको सोडू! दोरा ढिला नको सोडू व!" मरळीची पाठ एकदा वर येते. एवढी मोठी मी त्या तलावात पाहिलेली नव्हती.

मग डावीकडे पाण्यावर लालसर फेस आल्यासारखं दिसलं. तो फेस नव्हता. मरळीची पिलं होती, शेकडो, एकाच गोळ्यात हलणारी. मरळ आपल्या पिलांवर राखण करते आणि जवळ येईल त्यावर धावते, त्यामुळे तेव्हा ती धरायला सर्वांत सोपी असते. पुष्कळ जण मुद्दाम पिलांवर गरी टाकत. तू टाकत नव्हतीस. त्या सकाळी पिलं पानांखाली होती, आपल्याला दिसली नव्हती.

काठी सरळ झाली. दोरा सैल होऊन पाण्यावर पडला आणि बेंडूक एकटाच वर आला.

"घासा आणखी काटा!" भोई काका ओरडले. "बिनदाताच्या कुत्र्याले राखणीले ठेवते बाई!" तू हसत होतीस. घरी येऊन बेसन केलंस. चांद्याच्या काकांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "वयनी, मरळ मस्त झाली. एक काटा नाही लागला तोंडात." सगळे हसले. मी जेवले नाही. मला तुझी लाज वाटली होती, आणि तुला ते दिसलं होतं, कारण तू माझं ताट झाकून ठेवलंस.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मुदतीच्या तापाने तू गेलीस.

मी मोजलं, माय. ड्राफ्ट्समनचा कोर्स संपवून नोकरीला लागल्यावर. मरळीचा वाळलेला जबडा घेतला, काट्याची गरी आणि बिनकाट्याची गरी, दोन्ही एकाच जाडीच्या, आणि ताणकाटा लावून ओढून पाहिलं. मरळीचं तोंड हाडाचं असतं. काट्याच्या गरीला आत शिरायला जास्त जोर लागतो. पुष्कळदा ती वरवर अडकते आणि निसटते. बिनकाट्याची सरळ खोल जाते. पुढे तीन पावसाळे मी तलावावर दोन्ही वापरून पाहिल्या. दोरा ताणलेला असेल तर बिनकाट्याची गरी निघत नाही. माझी एकदाही निघाली नाही. दोरा ढिला पडला, तरच निघते.

आणि तुझा दोरा कधी ढिला पडत नसे. पाठीमागून भोई काका तुझ्याबद्दल हेच सांगत, तोंडावर कधी नाही.

त्या सकाळी माझे हात तुझ्या कमरेला होते. तू पुढे झुकलीस. काठीचं टोक खाली गेलं, ते माशाने नेलं म्हणून नाही, तू नेलंस म्हणून. तेव्हा मला वाटलं, तुझा तोल गेला. आता वाटतं, तुला पिलं दिसली आणि तू तिला जाऊ दिलंस. काटा असता तर तुला ते करता आलं नसतं. लागलेला मासा सोडणं आपल्या हातात राहावं म्हणून तू तो घासला होतास. हा माझा निष्कर्ष आहे. तो सगळ्या निरीक्षणांशी जुळतो. पण निष्कर्ष म्हणजे उत्तर नव्हे, एवढं मला शिकवलेलं आहे.

नागपूरचे गृहस्थ वाईट नाहीत. त्यांच्या पेटीत गळाला लावायचे पितळी चमचे आहेत, रबरी मासे आहेत, पिसांच्या माश्या आहेत, आणि चाकावर गुंडाळलेला नायलॉनचा दोरा तर मी हातात घेऊन बराच वेळ पाहिला. त्यांनी सकाळी दोन मरळी धरल्या होत्या. फेकणं सुरेख आहे. ते म्हणाले, "ताई, काट्याशिवाय गरी म्हणजे कडीशिवाय दार. गिऱ्हाइकाचा मासा सुटला की ते तलावाशी नाही भांडत, दुकानात येऊन माझ्याशी भांडतं."

मी म्हटलं, "दोरा ताणून धरायला सांगा."

"शौकी माणसाला काय सांगता? तो फोटो काढायलाही थांबतो." मग बेंडूक उलटा करून गरीच्या घासलेल्या जागेवरून त्यांनी नख फिरवलं. "हे काम बाकी सफाईचं आहे. उगीच केलेलं नाही. मला कारण द्या, पटलं तर मी दुकानात तेच सांगीन."

ड्रॉइंगवर मी 'काटा नाही' असंच लिहिणार आहे. ते ठरलं आहे, त्याबद्दल तुला विचारत नाही. त्यांना पटलं नाही तर कागद गुंडाळून परत आणीन. कोपऱ्यात नाव यायला पुढे आणखी कागद येतील, आणि ते मी मिळवीन. जबड्याची चाचणी मी त्यांना कारण म्हणून देऊ शकते. ती खरी आहे आणि तेवढी पुरेल असं वाटतं. पण ते माझं कारण आहे. बेंडूक तुझा आहे. माझ्या नावाखाली तुझ्या वस्तूला माझंच कारण चिकटलं, तर ते ड्रॉइंग मापात बरोबर असूनही चूक होईल.

एक लिहायचं नव्हतं, ते लिहिते. बाबांना तू एक कारण दिलंस, भोई काकांना एक, भंतेजींना एक. खरं असो, खोटं असो, ज्याला जे शोभेल ते दिलंस. मला एकही दिलं नाहीस, कामाला लावलंस. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं होतं, आणि अजून वाटतं.

हे पत्र कोणत्या टपालपेटीत टाकायचं ते मला माहीत नाही, म्हणून टाकणार नाही. ते गृहस्थ शनिवारी सकाळी यवतमाळला येत आहेत. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत उत्तर दे.