वहिनी, कॉम्प्युटर का अडकायचा

स्वप्नाली वहिनी,

साताऱ्याची गाडी गाठायचीय, आणि तुमच्या तोंडावर बोलायचं धाडसही नाही, म्हणून लिहून ठेवतोय.

लग्नपत्रिका टाईप करताना कॉम्प्युटर अडकायचा, त्यात तुमची काहीच चूक नव्हती. वेग वाढावा म्हणून जुन्या रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या पट्टीशेजारी मी दुसऱ्याच कंपनीची, वेगळ्या स्पीडची रॅम बसवली होती. दोन्हींचं जुळत नव्हतं. आज नवी काढून टाकलीय. आता हळू चालेल, पण अडकणार नाही.

मला हे सोमवारीच कळलं होतं. तरी त्याच दिवशी जेवताना दादासमोर म्हणालो, "वहिनी बटणं लय बडवतात." तेव्हापासून तुम्ही एका बोटानं, भीत भीत टाईप करताय. मी रोज बघत होतो.

ही चिठ्ठी दादालाही वाचायला द्या. आणि आता दहाही बोटांनी बडवा.

आर्जव