एका पावतीचे चार नग

कारेलीबाग, बडोदे
१० जून १९९६

ती. सौ. शालूआत्यास मोहनाचा शि. सा. न. वि. वि.

आत्या, मला सायकल मिळतेय! म्हणजे अजून पुरती नाही, पण मिळतेय. गेल्या महिन्यात बिल्डिंगखालून दोन सायकली चोरीला गेल्या, म्हणून बाबांनी अट घातलीय की सायकल तिसऱ्या मजल्यावर ठेवायची आणि मी एकटीनं चढवायची. तेवीस तारखेला, रविवारी, परीक्षा. नापास झाले तर सायकल दुकानात परत, आणि मी तीन वर्षं बाबांच्या स्कूटरवर मागे बसून कॉलेजला. ते थेट वर्गापर्यंत सोडायला येतील, तुला ठाऊकच आहे!

म्हणून सायकल हलकी हवी. इथला प्रत्येक दुकानदार सांगतो की आमचीच फूल जेवी, म्हणजे फुलासारखी, हलकी छे, बेन. बाबा पडले रेल्वेच्या पार्सल ऑफिसातले, काट्यावर चढल्याशिवाय त्यांना काही पटत नाही. शनिवारी दुकानदारासकट दोन सायकली स्टेशनवर नेल्या आणि पार्सलच्या काट्यावर ठेवल्या. काळी भरली बावीस किलो, लाल सतरा. मी तिथंच नाचले, हमाल हसायला लागले. लाल घेतली!

आईचा नमस्कार. आशीर्वाद मात्र चांगला वजनदार पाठव.

तुझी मोहना

सांगली
१५ जून १९९६

चि. मोहनास शालूआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून एकटीच हसत बसले. दादा लहानपणी दिवाळीचे लाडूसुद्धा दोन्ही हातांत तोलून मोठा तेवढा उचलायचा. आता सरकारनं त्याला काटाच दिलाय.

तुझ्याएवढी असताना मीही सायकल मागितली होती. तुझे आजोबा म्हणाले की मुलीला सायकलवरून जायचंय कुठं? मग सायकल राहिलीच. खरं सांगते, आजही हळहळ वाटते. तू खुशाल कुठंही जा आणि माझ्या नावानं एकदा घंटी वाजव.

आपल्या इथले हिंमतराव बडोद्याला येताहेत, त्यांच्याबरोबर साखळीचं कुलूप पाठवतेय. असं दणकट आहे की चोराच्या बापालाही तोडता यायचं नाही.

जिन्यात जपून. तुझीच,
शालूआत्या

बडोदे
२४ जून १९९६

ती. सौ. शालूआत्यास शि. सा. न. वि. वि.

आत्या गं, तुझं कुलूप! हिंमतरावांनी पिशवी खाली ठेवली तर फरशी वाजली. त्याआधीच आईनं भाजीसाठी पुढं बास्केट आणि मागं कॅरिअर बसवून घेतलं होतं, आणि बाबांनी जाड स्टँड. सगळ्यांची माया सायकलवर! परीक्षेआधी बाबांनी हट्टानं पुन्हा काट्यावर ठेवली, तर तेवीस किलो. नाकारलेल्या काळीपेक्षाही जड!

काल अख्खी बिल्डिंग जिन्यात. दुसऱ्या मजल्यावर हँडल कठड्यात अडकलं. मानसिंगराव शेजारी सारखे सांगत होते की तिरकी कर, तिरकी कर. बाबा वरच्या पायरीवर हाताची घडी घालून उभे. मला रडूच यायला लागलं, डोळ्यांपुढं ती स्कूटर.

मग एकदम सुचलं. मी बाबांना विचारलं की एका पावतीवर चार नग असले, तर हमाल ते एकाच फेरीत नेतो का? बाबा नोकरीशी खोटं बोलणार कसे? नाही म्हणाले. मी मानसिंगरावांचा पाना मागितला आणि कुलूप, बास्केट, कॅरिअर तिथंच सोडवून ठेवलं. पहिल्या फेरीत सायकल वर, दुसऱ्या फेरीत बाकीचे नग. बाबा ऑफिसच्या आवाजात म्हणाले की माल पोचला, आणि इतके हसले की त्यांना पायरीवर बसावं लागलं.

आज एकटी सयाजीगंजला जाऊन आले. तुझ्या नावानं घंटी वाजवली, एकदा नाही, रस्ताभर! दिवाळीला ये. तुला सायकल शिकवते. मागून बाबा धरणार आहेत, तुझं पत्र वाचून त्यांनी आपण होऊन सांगितलं.

वाट पाहणारी,
मोहना

सांगली
३० जून १९९६

चि. मोहनास अनेक आशीर्वाद.

पन्नाशीच्या बाईला सायकल शिकवणार म्हणे! जायचंय कुठं ते मला अजूनही ठाऊक नाही, पण मी येतेय. दादाला म्हणावं, मागून घट्ट धर. फक्त आधी मला पार्सलच्या काट्यावर चढवायचं नाही.

दिवाळीची वाट पाहणारी,
शालूआत्या