रुमालाखाली दिलेला शब्द

एडिनबरा, १२ मे

तीर्थरूप आबांस, शिवकन्याचा इथूनच पायावर माथा.

माझी तब्येत बरी हाय, जेवण बराबर चालू हाय. मला प्रोफेसर केलं. व्यापाराचा कायदा शिकवते; धर्मस्वातंत्र्यावर लिहिलेलं पुस्तकबी निघालं. आईला सांगा. शेळी व्याली का?

एक तकलीफ हाय, आबा. शफीभाई आठवतात? त्यांच्या ईदसाठी तुमी वारंगा फाट्याच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून बोकडाचा भाव ठरवला, शब्द दिला होता. मग गावातल्या लोकांनी दटावलं, त्यांना द्यायचा न्हाई. ते न्यायला आले तवा तुमी कणगीमागं बसलात अन् मला दारात धाडलं. मी म्हणले, "आबा घरी न्हाईत." उंबऱ्याशी तुमच्या वहाणा त्यांना दिसत होत्या. रुमाल खांद्यावर टाकून माघारी गेले.

दिलेला शब्द कागदाविनाबी बांधून ठेवतो, हे शिकवायला लागले की शफीभाई मागच्या बाकावर दिसतात, मांडीवर रुमाल घेऊन. काल त्यांनी विचारलं, "बेटी, आबा हैत का घरी?"

भरल्या वर्गात माझ्या तोंडून निघून गेलं, "न्हाईत."

ते हयात असतील तर एकदा त्यांच्या दारात जाऊन या, आबा. मग मला "हायेत" म्हणता येईल.

तुमची लेक,
शिवकन्या