बागेत कोणी आढळले नाही, या शेऱ्याबाबत

दिनांक : ८ मार्च २००७

प्रति,
मा. सहाय्यक उद्यान अधीक्षक,
'हिरवे अंगण' लोकसहभाग कक्ष,
क्षेत्रीय कार्यालय, पुणे.

विषय : भूखंड क्र. ११ वरील बाग वाहनतळासाठी देण्याचा निर्णय मागे घेणेबाबत. (अर्ज चौथा)

संदर्भ : १) माझे आधीचे तीन अर्ज. २) आपले एक उत्तर, ज्यात ते मिळाल्याचे कळवले आहे.

महोदय,

मी खाली सही करणार मुक्ताबाई गावंडे, राहणार येरवडा, भूखंड क्र. ११ च्या समोर, अर्ज करते की,

१. माझी शाळा चौथीत सुटली. अर्जाची भाषा मी आपल्याच कार्यालयाची पत्रे वाचून शिकले. चूक आढळल्यास ती तिकडची समजावी.

२. सदर भूखंडावर बारा वर्षांपूर्वी राडारोडा आणि डुकरे होती. आम्ही चाळीस घरांनी तो उपसून कडुनिंब, जांभूळ, बकुळ लावले. नळ कोरडा असेल त्या दिवशी तांदूळ-भाजी धुतलेले पाणी ज्याने त्याने आपल्या झाडाला घातले. आमच्या सोजरबाई तर सुनेला म्हणाल्या होत्या, "तू आंघोळ उद्या कर, माझं जांभूळ सुकतंय." याला लोकसहभाग म्हणतात हे आम्हाला पुढे आपल्या फलकावरून कळले.

३. ऑक्टोबरात आपले निरीक्षक साहेब पाहणीला येणार असे पत्र आले. इथे आमची चूक झाली, ती मान्य करते. साहेब येणार म्हणून आम्ही पहाटेपासून बाग झाडली, सडा टाकला, फाटकात रांगोळी काढली आणि ती मोडू नये म्हणून पोरांना घरात कोंडले. म्हाताऱ्यांनाही बाकावर बसू दिले नाही. पाहुणा यायचा तर घर आवरून ठेवावे आणि आपण मधेमधे करू नये, एवढीच आमची रीत. साहेब आले, "छान ठेवलीय हो," असे झाडांना म्हणाले, आणि शेरा लिहिला : 'बाग सुस्थितीत. वापर करणारे नागरिक आढळले नाहीत.' चाळीस घरांतले नागरिक त्या वेळी खिडक्यांतून साहेबांकडेच पाहत होते.

४. मी अर्ज केला. डिसेंबरात दुसरी पाहणी ठरली. या खेपेस एकही माणूस घरात ठेवला नाही. कामाला खाडे झाले, शाळा बुडल्या. सकाळी आठपासून आम्ही बागेत. साहेब सव्वाचारला आले. तोवर पोरे भुकेने झाडांवर चढली होती. शेरा : 'क्षमतेपेक्षा अधिक जमाव. झाडांस धोका.'

५. मग आपल्या कक्षात, "मावशी, समिती करा, तरच फाईल हलेल," असे सांगण्यात आले. समिती केली. तेव्हा कळले की सभासद हे बाग वापरणारेच हवेत आणि ते निरीक्षकांच्या शेऱ्यावरून सिद्ध व्हावे. पहिल्या शेऱ्यात कोणीच नाही. दुसऱ्यात जमाव आहे, परंतु जमावाला सभासद होता येत नाही, असे टेबलावरच्या बाईंनी सांगितले. बाई चांगल्या आहेत. त्यांनी मला चहा दिला.

६. आता आदेश निघाला आहे की, वापर नसल्याने हा भूखंड शेजारच्या नव्या आयटी इमारतीच्या सुमो गाड्यांना द्यावा, आणि सोमवारी, १२ तारखेला, झाडे काढावीत. इमारतीतल्या पोरापोरींवर माझा राग नाही. त्यांच्यातली सृष्टी रोज बकुळीखाली डबा खाते. "आंटी, इथे मोबाईलला रेंज नाही, म्हणून जेवण जातं," म्हणते. तिचाही वापर धरलेला नाही.

७. आमच्या शेजारचे जब्बारभाई खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाले. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेल्यात जमा आहे. रस्त्यावर सुमोंची धाव अशी की त्यांना पाऊल टाकता येत नाही. बागेतल्या वाटेच्या कडेला त्यांनी डोळे होते तेव्हाच विटा लावून घेतल्या. काठी विटांना लावत ते रोज सकाळी एकटे अकरा फेऱ्या मारतात. कोणी हात धरला तर, "अहो, सोडा, मी चालतोय ना," असे चिडून म्हणतात. दिवसातला तेवढाच तास ते कोणाच्या हातात नसतात. सदर तास कोणत्या रकान्यात भरायचा, हे मला आपल्या नमुन्यात सापडले नाही.

८. निर्णय मागे घ्यावा, ही मूळ मागणी. ती मंजूर होणार नाही हे मला आपल्या चार टेबलांपुढे उभे राहून समजले आहे. म्हणून मागणी कमी करते. सोमवारी बाग जाणार, हे जब्बारभाईंना अजून कोणी सांगितलेले नाही. त्यांच्या पत्नी सितारा म्हणतात, "मेरे से नहीं होता, मुक्ताताई, तुम बोलो." मी तीनदा सांगायला गेले. तिसऱ्यांदा त्यांनीच विचारले, "जांभळाला मोहोर आला का हो?" मी हो म्हणाले आणि परत आले.

तरी आपल्या कार्यालयाने सोमवारपूर्वी त्यांच्या नावे एक पत्र पाठवावे. वाचून मीच दाखवीन. मजकूर नेहमीचाच असावा, जावक क्रमांकासह. 'खेद' वगैरे शब्द कृपया घालू नयेत. तिथे माझा आवाज टिकणार नाही.

आपली, अजून तरी नम्र,

(सही)
मुक्ताबाई ज्ञानदेव गावंडे