चौथा कप्पा

विश्रामबाग, सांगली
मार्च १९९४

प्राचार्य महोदय,

प्राणिशास्त्राच्या तोंडी परीक्षेत मी मराठीतून प्रश्न विचारले का, याचा लेखी खुलासा आपण मागितला आहे. होय, विचारले.

पाटणकडची संयोगिता इंग्रजी प्रश्नांना मान खाली घालून गप्प राहिली. मी तेच मराठीत विचारले.

"मराठीत चालतंय व्हय, मॅडम?"

"चालतं."

"मग आदीच इचारायचं की. बेडकाच्या काळजाला तीन कप्पे हायती. चौथा असता, तर चांगलं आन् वाईट रगत मिसळलं नसतं."

इंग्रजीत पाठ करून आलेल्या कुणीही चौथ्या कप्प्याविषयी बोलले नव्हते. मी तिला पूर्ण गुण दिले. दाराबाहेरून कुणीतरी ऐकले आणि आपल्याला कळवले.

तोंडी परीक्षा इंग्रजीतूनच घ्यायचा नियम आहे; हे मी मान्य केले तर तिचे गुण रद्द होतील. नापास झाली, तर घरचे तिला पुन्हा कॉलेजात पाठवणार नाहीत. माझी नोकरीही अजून कायम झालेली नाही.

म्हणून हे पत्र माझ्याकडेच राहील. उद्या आपल्या टेबलावर येईल तो खुलासा इंग्रजीत आहे. सर्व प्रश्न इंग्रजीतच विचारले, असे त्यात लिहिले आहे.

आपली,
पद्मा शेंड्ये