घटांचा गहू

सौंसर, १८ नोव्हेंबर १९५६

ती. दादा,

इतके दिवस उत्तर दिलं नाही, क्षमा करा. या एक तारखेला नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आपला भाग मध्यप्रदेशातच राहिला, म्हणून तुम्ही माझ्यासाठी नागपूरच्या शाळेत शिक्षिकेची जागा पाहिलीत. मी होकार कळवणारच होते.

आज शेजारच्या केसरबाईसोबत फिरताना कापसाच्या बंद जिनिंग कारखान्यामागच्या पडीत जागेत हिरवागार गहू दिसला. दसऱ्याला आम्ही बायकांनी तिथं घटांची माती टाकली होती.

केसरबाई हसली, "तुमच्याबी घटाचा हाये त्यात, बाई. तुम्ही नागपूरले चालल्या, तो राहिला इथंच."

इथंच राहावं, असं मनात आलं; हा माझा हट्ट तर नाही ना, असंही वाटलं. पण माझाही गहू या मातीत रुजला याचा अभिमान वाटला, तो खरा. मी नागपूरला येत नाही. तुम्ही रागवाल, म्हणून आधी डायरीतच लिहून पाहते आहे.

तुमची प्रेमलता

उद्या: गव्हाला बोरीच्या काट्यांचं कुंपण घालणे.