लाटण्यांची टोकं

आई,

काल लेथवर घासायची चकती बसवली. लाटण्यांची टोकं आता तिच्यावर घासली जातात. तुला जाऊन बारा वर्षं झाली आणि मला हे काम करायला एक सकाळ पुरली, त्यातही अर्धा वेळ काटकोन बघायचा गुण्या शोधण्यात गेला. मी दमलोय. चकतीमुळे नाही, हल्ली असाच दमलेला असतो. साठी जवळ आली की माणूस झोपून उठतो तोच दमलेला उठतो. पण कालपासून हात रिकामे आहेत आणि डोकं काही रिकामं होत नाही, म्हणून वही घेऊन बसलो.

झालं असं, की उलव्याच्या एका भांडीवाल्याने लाटण्यांची मोठी मागणी दिली. तिकडे रोज नव्या इमारती उठतात, माणसं राहायला येतात, आणि येताना कितीही सामान आणलं तरी लाटणं नवीन घेतात. मी खुशीत कातलेल्या लाटण्यांची गोणी आणून तुझ्या सुनेपुढे ठेवली. तिने गोणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "अहो, मनगट वळत नाही माझं. यापुढे मी टोकं घासणार नाही. तुम्हाला काय करायचं ते करा." आवाजसुद्धा चढवला नाही. गोणी पायाने बाजूला सारली आणि भाजी चिरायला बसली. मला राग आला, खोटं कशाला बोलू. पहिलं मनात आलं ते हेच, की आई असं कधी बोलली नसती.

तू नव्हतीसच बोलली. बाबा लेथवर असताना आणि नंतर मी असताना, मागच्या पडवीत पोत्यावर बसलेली तू दिसतेस. पुढे लाटण्यांचा ढीग, मांडीवर पाटी, पाटीवर काचकागद. लेथ लाटण्याला दोन्ही टोकांनी धरून फिरवतं, त्यामुळे मधला भाग तिथेच गुळगुळीत होतो, पण टोकं तशीच राहतात. उतरवल्यावर दोन्हीकडे लाकडाचा छोटा खुंट उरतो. तो करवतीने उडवायचा आणि मग टोक घासून घासून गोल करायचं. एका लाटण्याला दोन टोकं, आणि सगळी टोकं तुझी. भात चुलीवर ठेवून घासायचीस, पाहुण्यांशी बोलता बोलता घासायचीस, बाबांच्या तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळीही पाटी मांडीवर होती. पुढे पुढे बोटांना काही कळेनासं झालं, तेव्हा तू टोक गालाला लावून बघायला लागलीस. एकदा घाईत मीच डझनभर टोकं कशीतरी उरकून लाटणी बांधली होती. तू गाठोडं सोडलंस, एक लाटणं काढलंस आणि माझ्या गालावर दाबलंस. "लागतंय ना? बाईच्या तळव्याला रोज दोन येळा लागंल ह्ये. आमी काय चुलीत घालायचं लाकूड इकतो?" मी चांगला बाप्या माणूस, दारात गिऱ्हाईक उभं, आणि तू गाल सोडायला तयार नाहीस.

मग त्या आधार कार्डाचं आठवतं. शाळेत मशीन घेऊन माणसं बसली होती, सगळा पनवेल रांगेत. तुझा अंगठा उठेना. मशीनवाला म्हणाला, "आजी, दुसरं बोट लावा." दहाच्या दहा लावून झाली. बोटांवर रेषाच नव्हत्या, नुसतं कोरं कातडं. तो म्हणाला, तेल लावून या पुढच्या आठवड्यात. आपण तीनदा गेलो. तू रांगेतल्या बायकांना हसत सांगत होतीस, "माझं ठसं लाटण्यांबरोबर तुमीच नेलंत गो घरी." त्या हसल्या. मी नाही हसलो. रिक्षात बसल्यावर मी तुझ्यावरच चिडलो, की आजचाही दिवस फुकट गेला, काम पडलंय. तू पदराखाली हात घेतलेस आणि बाहेर बघत राहिलीस. ते हात मी तेव्हा नीट बघितलेही नाहीत.

चकतीत काही विशेष नाही. जुन्या प्लायवूडचा गोल कापला, लेथच्या लोखंडी तबकडीला मागून स्क्रूने आवळला, लेथवरच फिरवून त्याची कड सारखी केली. चांभाराकडचं सोल्युशन लावून काचकागद चिकटवला आणि घटकाभर वजन ठेवून दाबला. हत्यार टेकवायच्या पट्टीच्या जागी फळीचं छोटं टेबल बसवलं, गुण्या लावून काटकोनात. झालं. पहिल्याच लाटण्याला मात्र माती खाल्ली. लाटणी फिरवताना पट्टा कायम जोराच्या गतीवर असतो, तीच सवय, आणि तसाच चालू केला. इतकी मोठी चकती त्या वेगात लाकूड घासत नाही, जाळते. टोक काळं पडलं, धूर निघाला. आतून आवाज आला, "अहो, पोळी करपली वाटतं!" पट्टा हळू गतीवर घेतला आणि मग टोक लावायचं, जरा फिरवायचं, की गोल. संध्याकाळपर्यंत गोणी संपली. सवयीने प्रत्येक टोक गालाला लावून बघत होतो.

युक्ती माझी नाही. तू पडवीत बसत होतीस त्याच दिवसांत नवीन पनवेलच्या एका फर्निचरवाल्याकडे मी अशी चकती बघितली होती. उभा राहून सगळं समजून घेतलं होतं, तबकडीला स्क्रू किती तेसुद्धा. घरी आलो, जेवलो, आणि लेथवर उभा राहिलो. पडवीतून तुझा घासण्याचा आवाज येत होता.

काल चहा देताना हिने विचारलं, "इतकं सोपं होतं, तर आईंच्या वेळी का नाही केलंत?" मी म्हटलं, "आईच नको म्हणाली. माझे हात आहेत ना, म्हणाली." हिने रिकामा झालेला कप उचलला. मग म्हणाली, "असेल. त्या होत्याच तशा." आणि कप घेऊन आत गेली. हे मी काल पहिल्यांदाच कुणाला सांगितलं असं नाही. बहिणीला सांगितलंय, त्या फर्निचरवाल्यालाही सांगितलंय, आणि इतक्यांदा सांगितलंय की तुझा आवाजही ऐकू येतो त्यात. हे पत्र मी हिला दाखवणार नाही, आणि तुला ते मिळणार नाही, म्हणून इथे लिहितो. आई, तू नको म्हणाली नव्हतीस. मी तुला कधी विचारलंच नव्हतं.